जनुकीय समुपदेशक व्हायचंय? मग सुरुवात इथून करा

समोर एक जोडपं बसलेलं असतं. पहिल्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि आता दुसऱ्या मुलाचा विचार चालला आहे. तुम्ही नीट समजावून सांगता: तुम्ही दोघंही वाहक आहात, म्हणजे तुमच्यात सदोष जनुकाची एकच प्रत आहे आणि तुम्ही स्वतः निरोगी आहात, त्यामुळे प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. दोघं मान डोलावतात. मग नवरा विचारतो, "म्हणजे एकाला झालाय, आता पुढच्या तिघांना होणार नाही, असंच ना?"

बायको काहीच विचारत नाही. ती खाली बघत असते. मनात तिचा वेगळाच प्रश्न असतो: हे माझ्याकडून आलं का?

या दोन प्रश्नांमधली जागा म्हणजे जनुकीय समुपदेशकाचं काम. पहिल्याचं उत्तर जनुकशास्त्रात आहे. दुसरा तर विचारलेलाही नाही, तरी त्याचं उत्तर दिल्याशिवाय पहिल्याचं उत्तर डोक्यात शिरत नाही. या पेशात यायचं असेल तर दोन्ही ऐकू येणारा कान तयार करावा लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी काम काय आहे ते बघा

बरेच विद्यार्थी प्रयोगशाळेतल्या डीएनए चाचण्यांच्या आकर्षणाने इकडे वळतात. चाचणी हा या कामाचा एक भाग झाला. चाचणी करायची की नाही, कुणाची आधी करायची, कुठली करायची, तिच्यातून काय कळेल आणि काय कळणार नाही, हे बोलणं चाचणीआधी होतं. निकाल आला की त्याचा अर्थ, नातेवाइकांना सांगायचं का, सांगायचं तर कसं, पुढची तपासणी, आणि मनावर आलेला भार यावर पुन्हा बसावं लागतं. कधी सगळं बोलणं झाल्यावर समोरची व्यक्ती चाचणी नकोच म्हणून निघून जाते. तीही चांगली झालेली भेट असू शकते, हे सुरुवातीला पटत नाही.

शक्य असेल तर कामावर असलेल्या समुपदेशकाशी तासभर बोला. प्रत्यक्ष भेटीत बसू द्या अशी विनंती केलीत आणि नकार आला तर मनाला लावून घेऊ नका. रुग्णाची गोपनीयता आणि संमती यांचा तो प्रश्न असतो. पर्याय आहेत: प्रशिक्षणासाठी केलेल्या नमुना-भेटींचे व्हिडिओ बघा, एखाद्या आनुवंशिक आजाराच्या रुग्ण-पालक गटात मदतीला जा, त्यांच्या बैठकीत मागच्या खुर्चीत बसा. पालक आपापसात काय बोलतात ते ऐकलंत तर पुस्तकातला आजार आणि घरातला आजार यांतला फरक लवकर कळतो.

पदवी कशात घ्यावी

यावर फार डोकं शिणवू नका. जीवशास्त्र, जनुकशास्त्र, जीवरसायन, मानसशास्त्र, परिचर्या, समाजकार्य अशा वेगवेगळ्या वाटांनी लोक इथे येतात. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी बहुतेक ठिकाणी जनुकशास्त्र, जीवरसायन, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र या चार विषयांची पायाभूत तयारी बघतात. विज्ञानातून आला असाल तर मानसशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम जोडा, मानसशास्त्रातून आला असाल तर मेंडेलपासून सुरुवात करून गुणसूत्रांपर्यंत या. संख्याशास्त्र मात्र कुणीही टाळू नये. कारण पुढे येईलच.

हेल्पलाइन, आधारगट, ऐकण्याची सवय

ही पायरी सगळ्यात जास्त दुर्लक्षली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगी हीच. मानसिक आधाराच्या हेल्पलाइनवर, शोकाकुल कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थेत किंवा अपंग मुलांच्या केंद्रात किमान काही महिने नियमित काम करा. प्रमाणपत्र मिळावं एवढ्यासाठी जाऊ नका. समोरचा माणूस रडत असताना आपण काय करतो, हे आपलं आपल्याला कळावं म्हणून जा. काही जण लगेच उपाय सुचवू लागतात, काहींना विषय बदलावासा वाटतो, काही स्वतःच रडतात. यातलं तुमचं काय आहे ते आधीच माहीत असलेलं बरं. प्रवेशाच्या मुलाखतीतही "तुम्हाला हे काम का करायचंय" या प्रश्नाला या अनुभवातूनच खरं उत्तर सुचतं.

पदव्युत्तर शिक्षण

जगभर या पेशाची मुख्य वाट म्हणजे जनुकीय समुपदेशनातली पदव्युत्तर पदवी, साधारण दोन वर्षांची. अशा पहिल्या अभ्यासक्रमाची सुरुवात अमेरिकेत सारा लॉरेन्स कॉलेजमध्ये १९६९ साली झाली आणि पहिली तुकडी १९७१ मध्ये बाहेर पडली. म्हणजे पेशा तसा तरुण आहे. व्यावसायिक संघटना, नॅशनल सोसायटी ऑफ जेनेटिक काउन्सेलर्स, १९७९ ची, तर प्रमाणपत्र देणारं अमेरिकन बोर्ड ऑफ जेनेटिक काउन्सेलिंग १९९३ चं. अनेक देशांमध्ये अजून ही घडी बसते आहे, त्यामुळे आपण जिथे काम करणार तिथली मान्यता आधी तपासणं ही तुमचीच जबाबदारी.

अभ्यासक्रम निवडताना इमारत आणि नाव बघण्याआधी तीन गोष्टी विचारा. एक, दोन वर्षांत विद्यार्थ्याला स्वतः किती रुग्णभेटी करायला मिळतात? उत्तर अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत किमान ५० प्रकरणांत प्रत्यक्ष सहभाग लागतो. तुमच्या यादीतल्या ठिकाणी हा आकडा किती, ते स्पष्ट विचारा आणि 'भरपूर' या उत्तरावर समाधान मानू नका. दोन, त्या भेटींवर देखरेख कोण करतं? समुपदेशक करतो की फक्त डॉक्टर किंवा प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ? तिन्हींकडून शिकायचंच आहे, पण समुपदेशन समुपदेशकाकडूनच शिकता येतं. तीन, हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मला कुठल्या देशात, कुठल्या परीक्षेला बसता येईल?

अमेरिका आणि कॅनडात २०१८ पासून प्रवेश 'मॅच' पद्धतीने होतो. विद्यार्थी पसंतीक्रम देतात, अभ्यासक्रमही देतात, आणि जुळणी एका ठरलेल्या दिवशी जाहीर होते. जागा कमी आणि अर्ज जास्त असतात. पहिल्या वेळी न जुळलेले अनेक जण वर्षभर अनुभव वाढवून पुन्हा अर्ज करतात. तो शिक्का समजू नये.

वंशावळ काढायला आजपासून शिका

यासाठी प्रवेश मिळायची वाट बघायची गरज नाही. कोरा कागद आणि पेन्सिल पुरते.

चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, लिंग माहीत नसेल तर समभुज चौकोन कोपऱ्यावर उभा. आजार असलेल्याचं चिन्ह भरायचं, मृत व्यक्तीवर तिरकी रेघ मारायची, नात्यातल्या विवाहाला दुहेरी रेघ, आणि ज्या व्यक्तीपासून चौकशी सुरू झाली तिच्याकडे बाण. ही चिन्हं १९९५ मध्ये प्रमाणित झाली आणि नंतरही सुधारली गेली. कमीत कमी तीन पिढ्या घ्यायच्या आणि आईकडची, वडिलांकडची अशा दोन्ही बाजू पूर्ण करायच्या.

चिन्हं एका संध्याकाळी पाठ होतात. प्रश्न विचारायला शिकण्यात वर्षं जातात. "तुमच्या घरात कुणाला काही आनुवंशिक आजार आहे का?" असं विचारलंत की उत्तर जवळजवळ नेहमी "नाही" असं येतं. कारण लोकांना आजार माहीत असतो, तो आनुवंशिक आहे हे माहीत नसतं. म्हणून एकेका माणसावर बोट ठेवून विचारा. "तुमच्या मोठ्या मावशी आहेत का? नाहीत? कितव्या वर्षी गेल्या? कशाने?" "पोटाच्या कॅन्सरने" असं उत्तर आलं तर तिथे थांबा. घराघरांत 'पोटाचा' या शब्दाखाली जठर, मोठं आतडं, अंडाशय, गर्भाशय असं काहीही असू शकतं. यातला कुठला कॅन्सर होता, यावर कुठल्या जनुकाची चाचणी करायची ते ठरतं. कागदपत्रं मिळतील का, ते विचारा. वय लिहा. "गर्भपात झाला होता का, जन्मल्यावर लगेच गेलेलं बाळ होतं का?" हे हळू आवाजात आणि घाई न करता विचारा, कारण त्या बाळाबद्दल कित्येक वर्षांत कुणी विचारलेलंच नसतं.

सरावासाठी मित्राची किंवा सहकाऱ्याची वंशावळ काढा, त्याची परवानगी घेऊन. कागद सांभाळा किंवा त्यालाच देऊन टाका. माहिती एका माणसाने दिली तरी ती संपूर्ण कुटुंबाची असते, ही जाणीव इथेच रुजते.

आकडा हातात द्यायला शिका

संख्याशास्त्र टाळू नका म्हटलं, त्याचं कारण हे. एक तरुणी येते. तिच्या भावाला एक अप्रभावी, म्हणजे दोन्ही पालकांकडून सदोष प्रत आल्यावरच होणारा, आजार आहे. ती स्वतः निरोगी आहे. ती वाहक असण्याची शक्यता किती?

अनेक जण पटकन 'निम्मी' म्हणतात. नीट बघा. दोन्ही पालक वाहक असल्यामुळे मुलाच्या चार शक्यता होत्या: एक आजारी, दोन वाहक, एक पूर्ण मुक्त. ती आजारी नाही हे आपल्याला माहीत आहे, म्हणून पहिली शक्यता खोडली. उरल्या तीन, त्यांत दोन वाहक. उत्तर दोन-तृतीयांश. आता समजा तिच्या जोडीदाराच्या समाजगटात या आजाराचा ५० जणांत एक वाहक आहे. तर बाळ आजारी असण्याची शक्यता दोन-तृतीयांश गुणिले ५० त एक गुणिले चारात एक, म्हणजे ३०० त एक. जोडीदाराची चाचणी केली आणि तो वाहक निघाला, तर तीच शक्यता सहात एक होते. एका रक्तचाचणीने एवढा फरक पडतो. म्हणून कुणाची चाचणी आधी करायची हा प्रश्न इतका मोलाचा.

हिशेब जमला की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे तो आकडा समोरच्याला घरी नेता येईल अशा रूपात देणं. आकडा दोन्ही बाजूंनी सांगा: "अशा १०० गरोदरपणांत साधारण २५ बाळांना हा आजार असेल, ७५ बाळांना नसेल." एकदा टक्के, एकदा अपूर्णांक असा गोंधळ करू नका. 'कमी धोका', 'जास्त धोका' हे शब्द स्वतःहून वापरू नका, कारण १०० त एक हा आकडा कुणाला क्षुल्लक वाटतो आणि ज्यांच्या घरी तो एक जन्मलेला आहे त्यांना डोंगराएवढा. आणि शेवटी विचारा, "घरी गेल्यावर तुमच्या सासूबाईंनी विचारलं, तर तुम्ही हे कसं सांगाल?" त्यांच्या तोंडून जे येईल त्यावरून तुम्ही काय समजावलंत ते कळतं. सुरुवातीच्या प्रसंगातल्या नवऱ्याला मी नाण्याचं उदाहरण देते: मागच्या वेळी काय पडलं, ते नाण्याला आठवत नाही.

आकड्यात न बसणारी एक गोष्ट म्हणजे निकालातली अनिश्चितता. २०१५ पासून जनुकातल्या बदलांची पाच गटांत विभागणी रूढ आहे: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधल्या गटाला सगळे 'व्हीयूएस' म्हणतात. तो एकट्याच्या बळावर शस्त्रक्रियेसारखा निर्णय घेण्याचा आधार होऊ शकत नाही. चाचणीआधीच "असा निकाल येऊ शकतो" हे सांगितलेलं नसेल, तर रुग्ण त्याचा अर्थ 'काहीतरी सापडलंय' असाच लावतो.

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

हा प्रश्न येणारच. त्याच्या उत्तराआधी थोडा इतिहास हवा. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, १९३३ मध्ये नाझी जर्मनीने केला. 'चांगल्या वंशा'च्या नावाखाली कुणी मूल जन्माला घालायचं हे राज्यसत्तेने ठरवलं. मिनेसोटा विद्यापीठातल्या शेल्डन रीड यांनी १९४७ मध्ये 'जेनेटिक काउन्सेलिंग' हा शब्द वापरात आणला, तो या वारशापासून वेगळं व्हायचं म्हणूनही. निर्णय कुटुंबाचा, समुपदेशकाने दिशा लादायची नाही, हे तत्त्व तिथून आलं. १९७० च्या दशकात अमेरिकेत सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या पुरेशा समुपदेशनाविना झाल्या, तेव्हा निरोगी वाहकांनाच रुग्ण समजून नोकरी आणि विम्यात डावललं गेलं. शब्द नीट न समजावल्याची किंमत माणसं मोजतात.

पण दिशा लादायची नाही म्हणजे हात झटकायचे, असं नाही. "तो निर्णय तुमचा" एवढंच म्हणून गप्प बसणं हे माणसाला एकटं सोडणं आहे. मी म्हणते, "मी तुमच्या जागी नाही, म्हणून माझं उत्तर तुम्हाला बसणार नाही. पण हा प्रश्न विचारावासा का वाटला, ते सांगाल?" मग खरी भीती बाहेर येते. बहुतेक वेळा ती जनुकाबद्दल नसतेच. नात्यात वाद होतील, आपण वाईट आई ठरू, पहिल्या मुलाला कमी लेखल्यासारखं होईल, अशी ती असते.

माझी एक चूक सांगते, कारण ती नवीन लोकांकडून वारंवार होते. स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीए१ जनुकातला बदल एका कुटुंबात सापडला होता. दोन बहिणींनी चाचणी केली. मोठीचा निकाल आधीच पॉझिटिव्ह आला होता. धाकटीला मी हसत म्हणाले, "आनंदाची बातमी आहे, तुमच्यात तो बदल नाही." ती रडू लागली, आणि ते रडणं सुटकेचं नव्हतं. "ताईला काय सांगू?" एवढंच म्हणाली. तेव्हापासून निकाल सांगताना मी विशेषण लावत नाही. निकाल सांगते, आणि थांबते. ती पंधरा-वीस सेकंदांची शांतता फार लांब वाटते. ती भरू नका.

हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात ही शांतता आणखी जड असते. त्याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. पालकाला आजार असेल तर अपत्याला ५० टक्के शक्यता, लक्षणं बहुधा मध्यमवयात, आणि आजार थोपवणारं औषध नाही. म्हणून लक्षणांआधीची चाचणी एका भेटीत उरकत नाहीत, टप्प्याटप्प्याने करतात आणि निरोगी अल्पवयीनांची करत नाहीत. विचार करून बघा: आजोबांना आजार होता, वडिलांना जाणून घ्यायचं नाही, पण विशीतल्या मुलाला चाचणी हवी आहे. मुलाचा निकाल पॉझिटिव्ह आला तर वडिलांचाही कळतो. मुलाचा जाणण्याचा हक्क आणि वडिलांचा न जाणण्याचा हक्क एकाच नळीतल्या रक्तात असतात. याला तयार उत्तर नाही. आधी दोघं एकमेकांशी बोलू शकतील का, इथून सुरुवात करायची असते.

परीक्षा आणि नोंदणी

हे थोडक्यात. पदवीनंतर बहुतेक ठिकाणी प्रमाणन किंवा नोंदणी लागते. अमेरिकेत बोर्डाची परीक्षा, ब्रिटनमध्ये जेनेटिक काउन्सेलर रजिस्ट्रेशन बोर्ड, युरोपात युरोपियन बोर्ड ऑफ मेडिकल जेनेटिक्स, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ह्यूमन जेनेटिक्स सोसायटी ऑफ ऑस्ट्रेलेशिया. एका देशाचं प्रमाणपत्र दुसरीकडे आपोआप चालत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्रकरणाची नोंदवही ठेवा: तारीख, प्रकार, तुम्ही नेमकं काय केलंत, देखरेख कुणाची. रुग्णाची ओळख त्यात येता कामा नये.

पहिली नोकरी

प्रसूतिपूर्व, बालरोग, कॅन्सर, हृदयरोग, मज्जासंस्था अशा शाखा आहेत. पहिल्या नोकरीतच एका शाखेत शिरायची घाई नको. वेगवेगळी प्रकरणं येतात अशा ठिकाणी एक-दोन वर्षं काढली तर पाया रुंद होतो. प्रसूतिपूर्व विभागात मात्र घड्याळ चालू असतं, हे लक्षात ठेवा. सीव्हीएस, म्हणजे वारेच्या नमुन्याची चाचणी, साधारण १० ते १३ व्या आठवड्यात, ॲम्नियोसेंटेसिस, म्हणजे गर्भजलाची चाचणी, १५ व्या आठवड्यानंतर. आईच्या रक्तावरून होणारी एनआयपीटी ही चाळणी चाचणी आहे, निदान नव्हे, हे वाक्य तुम्ही दिवसातून अनेकदा उच्चाराल आणि प्रत्येक वेळी तितक्याच काळजीने उच्चारावं लागेल.

प्रयोगशाळेतही समुपदेशकांना काम असतं: योग्य चाचणी मागवली आहे का ते बघणं, बदलांचा अर्थ लावणं, अहवाल समजेल अशा भाषेत लिहिणं. रुग्णांपासून दूर राहून विचार करायला आवडतं त्यांना ते मानवतं. चाचण्या विकणाऱ्या कंपनीत जात असाल तर एक प्रश्न मुलाखतीतच विचारा: माझा पगार किंवा बढती किती चाचण्या झाल्या यावर अवलंबून आहे का? उत्तर 'हो' असेल तर ते विक्रीचं काम आहे, समुपदेशनाचं नाही. मी ते घेणार नाही, तुम्हीही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पहिली दोन वर्षं

प्रत्येक भेटीनंतर कुटुंबाला पत्र लिहा, त्यांच्या भाषेत, एक-दीड पानाचं. भेटीत ऐकलेलं बरंचसं विसरलं जातं, पत्र मात्र कपाटात राहतं आणि दहा वर्षांनी त्यांची मुलगी ते घेऊन दुसऱ्या समुपदेशकाकडे जाते. ते तिच्यासाठी लिहिताय असं समजून लिहा.

महिन्यातून किमान एकदा अनुभवी सहकाऱ्यासमोर आपली अवघड प्रकरणं मांडा. दुसऱ्यांची दुःखं रोज ऐकून येणारा थकवा झोपेने जात नाही, तो बोलल्यानेच उतरतो. अशी देखरेख नोकरीत मिळत नसेल तर दोन-तीन समवयस्कांचा गट स्वतः जमवा.

आणि पहिल्याच आठवड्यात एक तक्ता सुरू करा. ज्यांचा निकाल 'अर्थ अनिश्चित' आला त्यांचा संकेतांक, जनुक, बदल, अहवालाची तारीख, आणि पुन्हा तपासायची तारीख. नवीन पुरावे येतात तसे हे बदल दुसऱ्या गटात जातात, बहुतेक वेळा निरुपद्रवीच्या बाजूला. कुणीतरी कुठेतरी तो एक अनिश्चित शब्द घेऊन वर्षानुवर्षं जगत असतं. तारीख आली की तक्ता उघडा, शोध घ्या, आणि फोन लावा.